पैकीच्या पैकी

—नाही, नाही, उठू नका. खुर्ची सरकली की कळतं मला, ह्या खोलीतली एकेक खुर्ची वेगळं कुरकुरते. बसा. तुमच्या गाडीवाल्याला मी निरोप धाडलाय, साहेबांना अजून वेळ आहे म्हणून — हो, मीच, आणि तुम्हाला न विचारता. सकाळपासून ह्या शाळेत सगळं न विचारताच चाललंय, त्यात आणखी एक भर. रागावलात? रागवा. मीही रागावलेय, म्हणजे फिट्टंफाट. चहा उजव्या हाताशी ठेवलाय, सांडू नका, तिथे पिशवी आहे. आता मला एवढंच सांगा — तुम्ही परीक्षामंडळाकडून इथे कशाला आला होतात? जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक घ्यायला. बरोबर? विषय काय ठरला होता? जिवाणूंची रचना, आकार आणि समूह. बरोबर. परीक्षा देणारी मुलगी एकच, आमची चिमणी. मी नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यात — शिकवणाऱ्यानं परीक्षेच्या खोलीत थांबायचं नाही, मी थांबले नाही. आणि माझा चहा निवायच्या आत पोरगी बाहेर! म्हटलं, काय गं, काही विसरलीस का? तर म्हणते, नाही बाई, झाली परीक्षा. काय विचारलं? तर म्हणे, नाव विचारलं. घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, शाब्बास बाळा, जा, पैकीच्या पैकी दिले. — पैकीच्या पैकी! कशाचे हो? घरी आई असते आणि एक धाकटी बहीण असते, ह्याचे?

तुम्ही मनानं चांगले आहात, हे मला कळलंय. तिच्याशी बोलताना तुमचा आवाज भरून आला होता, तो भिंतीपलीकडून ऐकला मी. वाईट माणूस असतात ना, तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी कसं भांडायचं ते मला पाठ आहे. काय म्हणालात? मोठ्यानं बोला, पुटपुटलेलं मला ऐकू येत नाही — म्हणजे येतं, पण मी ऐकत नाही. ‘तुमचं काय गेलं बाई, पोरीचं भलंच झालं ना?’ झालं. कबूल. तिला पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचंय, त्या कॉलेजात गुणांवर प्रवेश आहे, आणि तुमचे पैकीच्या पैकी धरले तर ती आत, पक्की. तुम्ही विचारलं असतंत आणि ती चार ठिकाणी अडखळली असती, तर कदाचित बाहेर. हे गणित मला येत नाही असं वाटतं तुम्हाला? मघाशी व्हरांड्यात मी तेच मांडत बसले होते. खरं सांगते, गप्प बसावं असं फार वाटलं. दिले ना माणसानं, घ्यावेत, दोन्ही हातांनी घ्यावेत. — पण मग ती तिथे जाणार. पहिल्याच दिवशी शेजारची पोरगी विचारणार, प्रात्यक्षिकात किती गं तुला? हिनं सांगायचं, पैकीच्या पैकी. अय्या, कसे काय? आणि मग हिनं काय सांगायचं, साहेब? सांगा ना. तुम्हीच सांगा, मी तिला पाठ करून घेते.

हां. ‘काय विचारणार हो आंधळ्या मुलीला?’ आता कसं बोललात! अहो, मनातलं बोललात, माफी कसली मागताय. दृष्टिहीन म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, मी आंधळीच म्हणते, ती आंधळी आणि मीही आंधळी, शब्द गोड केल्यानं उजेड पडत नाही. तुम्हाला वाटलं, जिवाणू ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट. त्या कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक आहे, दिसला? त्याच्यावर निळं टोपडं आहे म्हणे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक हवाच असा तुमचा नियम, म्हणून तो तिथे आहे. आंधळ्या मुलींच्या शाळेत सूक्ष्मदर्शक! शिपाईमावशी रोज पुसतात त्याला, बिचाऱ्याला वाटत असेल आज तरी कोणी डोळा लावेल. पण साहेब, तुम्ही तरी काय पाहता हो त्याच्यातून? थेंब काचेवर पसरता, वाळवता, ज्योतीवरून फिरवता — म्हणजे मारता. मग त्याला जांभळा रंग पाजता, धुता, टिपता आणि डोळा लावून म्हणता, पाहिला बुवा जिवाणू. तुम्ही पाहता ते रंगवलेलं मढं. तेही चपटं! आठ गोळ्यांचा चौकोनी गठ्ठा असतो ना, वर चार, खाली चार — वरून पाहणाऱ्याला बहुतेक चारच दिसतात, खालचे वरच्यांच्या आड. मी स्वतः कित्येकदा फसलेय. आमच्या पोरी कधी फसत नाहीत. त्यांच्या मुठीत आठही येतात.

हो, ‘मी स्वतः’ म्हटलं. मी काय जन्माची आंधळी आहे का? मोठ्या दूधडेअरीच्या प्रयोगशाळेची प्रमुख होते मी. — जाऊ द्या ते, ते सांगायला नाही बसवलं मी तुम्हाला. पिशवीत हात घाला. घाला हो, चावत नाहीत. काय लागलं? मऊ, लांबट, उशीसारखं? ती पेशी आहे. बाहेरचं कापड खरखरीत आणि जाड, ती भिंत. बटण काढा, आत हात घाला — हे गुळगुळीत, पातळ, ते पटल. काय आत यावं, काय बाहेर जावं हे ठरवणारं तेच, भिंत नुसती आकार धरून ठेवते. त्याच्या आत लोकरीचा गुंता लागेल, तो त्या जिवाचा सगळा वारसा. आणि चाळा तो गुंता, त्याच्याभोवती काही लागतंय का? नाही ना? तेच! तेच विचारायचं होतंत तुम्ही! आपल्या पेशीत त्याला स्वतंत्र खोली असते, केंद्रक. ह्यांच्यात खोलीच नाही. गुंता असाच पडलेला, सगळीकडे बारीक मणी, तिथे प्रथिनं घडतात. माझ्या सासूबाईंनी शिवलीय ती. ती खोलीची गोष्ट त्यांना काही केल्या पटेना. म्हणाल्या, अगं, एवढं सगळं आहे आणि आतली खोली नाही? म्हटलं, नाही आई, सगळा संसार एकाच खोलीत. तर म्हणाल्या, म्हणजे आम्ही राहायचो तसंच की. सात माणसं, एक खोली. मग सांग ना तसं, उगीच कशाला शास्त्र सांगतेस!

हसलात. बरं वाटलं. सासूबाईंवर सगळेच हसायचे, आणि त्या कुणालाच सोडायच्या नाहीत.

बघा — मी ‘बघा’ म्हणते, दचकू नका, सवय जात नाही — तर बघा, डेअरीत माझं काम काय होतं? दूध यायचं, मी थेंब घ्यायची. गाईच्या सडाला सूज असली की दुधात साखळ्या दिसायच्या, गोल गोल दाणे एकापुढे एक. डोळा लावला की मला आतून ओळख पटायची, रस्त्यात शेजारीण दिसावी तशी. चष्मा होता मला. तो सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर आपटायचा, काढला तर दिसायचं नाही, लावला तर डोळा टेकायचा नाही. म्हणून लेन्स घेतल्या. डोळ्यात बसवायच्या, रात्री काढून बाटलीतल्या पाण्यात ठेवायच्या. त्या पाण्यात काहीतरी होतं. आधी नुसतं खुपलं, मग लाल झालं, मग दोन दिवसांत बुबुळावर पांढरी साय धरली. दोन्हीकडे. डॉक्टरीणबाईंनी नमुना घेतला आणि मला नाव सांगितलं. नाव ऐकलं आणि मला तो जसाच्या तसा डोळ्यांपुढे आला — दांडा, अगदी छोटा, आणि एका टोकाला एकच शेपूट, तेवढ्या एका शेपटाच्या जोरावर सुळकन् पळणारा. मी कितीदा पाहिला होता तो! डेअरीत शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवला होता. दुसऱ्याचं बुबुळ लावून पाहिलं, दोनदा. दोन्हीदा माझ्या शरीरानं ते परतवलं. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं. बास. — नाही, नाही, तोंडानं च् च् करायचं नाही. त्याच्यासाठी नाही सांगत. कशासाठी सांगतेय ते येतंच आहे पुढे.

डेअरीचे मॅनेजर. ते तुमच्यासारखेच. देवमाणूस हो! घरी आले, म्हणाले, ताई, तुमची जागा तुमचीच आहे, या, बसा, तुम्हाला काही करायला नको. मी आपली खूश. रोज गाडी न्यायला यायची, रोज गाडी सोडायला यायची. मला खिडकीजवळ खुर्ची दिली. आणि खरंच काही करायला दिलं नाही! माझ्या अवतीभोवती काचा किणकिणतायत, नळ वाहतायत, ज्योत फुरफुरतेय — वास ओळखीचे, आवाज ओळखीचे, आणि मी मध्ये कुंडीसारखी ठेवलेली. लोक जवळून जाताना पाय हळू टाकायचे. एकदा माझ्या जागेवर आलेली नवी मुलगी नळीला डोळा लावून बसली होती, तिचा श्वास अडकलेला कळला मला, म्हणजे काहीतरी दिसलं होतं तिला. मी विचारलं, काय गं, साखळी आहे की घोस? तर काय म्हणाली असेल? ‘काही नाही हो ताई. तुम्ही आराम करा.’ — आराम करा! साहेब, डोळे गेले तेव्हा मी रडले नव्हते. डॉक्टरीणबाईंना विचारा. त्या दिवशी मी भिंतीला धरून धरून जिना उतरले आणि फाटकाशी उभी राहून रडले. पगार चालू, मान चालू, सगळं चालू, फक्त मला कुणी काही विचारत नव्हतं. पुन्हा गेले नाही. मॅनेजर दुखावले. म्हणाले, आम्ही काय कमी केलं तुम्हाला? तुमचाच प्रश्न, साहेब, शब्द तेवढे वेगळे.

घरी मग काय, सासूबाई आणि मी. नवरा जमीनमोजणीच्या कामावर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. सासूबाई शिलाई करायच्या, मशीन दिवसभर घरघरायचं, आणि मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून. त्यांनी पुष्कळ दिवस काढले. एक दिवस धाडकन् डबा आणून माझ्या पुढ्यात आदळला. म्हणाल्या, ह्यात बटणं आहेत, सारखी सारखी वेगळी काढ, मला दिसत नाही. खोटं! सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या त्या. पण मी उठून बसले. हात घातला. कुणीतरी काही बटणं दोऱ्यात ओवून ठेवली होती, ती माळ बोटांत आली — एकापुढे एक, एकापुढे एक — आणि माझी बोटं थांबली. मी ओरडलेच, आई, साखळी! त्या म्हणाल्या, कसली साखळी, कुणाची हरवली? मी हसतेय, रडतेय, त्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं. मी सगळा डबा उपडा केला. दोन बटणं जोडून जोडी केली. चारांची चौकडी केली. मुठीत धरून घोस केला. डोळ्यांनी पाहिलेलं सगळं माझ्या बोटांत उतरलं होतं, आणि मी इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते!

पण जेव्हा म्हटलं ना, आई, मला हे सगळे शिवून द्या, मोठे मोठे, हातात धरता येतील असे — तेव्हा मशीन थांबलं. म्हणाल्या, काय? त्या मेल्यांनी तुझे डोळे नेले, आणि मी त्यांचे पुतळे शिवू? जेवल्या नाहीत त्या दिवशी. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आई, सगळ्यांनी नाही नेले, एकानं नेले. बाकीच्यांतले कितीतरी आपल्या पोटात राहतात आणि आपलंच काम करतात, मातीत राहतात ते पिकाला पोसतात. एका गुंडामुळे सगळ्या वस्तीला शिव्या देता? मग दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज आला. म्हणाल्या, सांग, तुझा तो घोसवाला कसा असतो? शिवताना सारखे प्रश्न! हे गोळे असे चिकटून का राहतात, ह्यांना घरं नाहीत का? मी सांगायची — एकाचे दोन होतात, पण नीट सुटत नाहीत एकमेकांपासून, म्हणून. मग कुणाची माळ होते आणि कुणाचा घोस, ते कसं? मी भाकरी— नाही, मी साबणाची वडी घेतली आणि सुरी घेतली. सारखं एकाच दिशेनं कापत गेलं तर रांग. एकदा उभं, एकदा आडवं कापलं तर चौकडी. तिसऱ्या दिशेनंही कापलं तर आठांचा गठ्ठा. आणि वाटेल तसं, दिशा न धरता कापलं, तर घोस. सासूबाई म्हणाल्या, हात्तिच्या, म्हणजे कापणाऱ्याच्या हातावर आहे! साहेब, पुस्तकात दोन पानं लागतात हो ह्याला.

सगळे शिवले त्यांनी. दांडे शिवले, सुटे आणि माळेतले आणि कुंपणाच्या काठ्यांसारखे शेजारी शेजारी उभे. स्वल्पविरामासारखा वाकडा शिवला, स्प्रिंगसारखा पिळाचा शिवला. बाहेर कापसाची साय असलेला शिवला — तो संपुटवाला, शरीरातले पहारेकरी त्याला सहज गिळू शकत नाहीत. एकच नाही शिवला. तुम्हाला कळलं ना कुठला? म्हणाल्या, तो सोडून काहीही सांग, त्याच्यावर माझा हात वळायचा नाही. मी म्हटलं, राहू द्या मग. अगदी मोठ्या मनानं म्हटलं हो! — खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मला तो नको होता हातात. ही पिशवी घेऊन मी ह्या शाळेत आले, इतक्या मुली शिकवल्या, आणि त्याच्यावर आले की म्हणायची, ‘पुढचा पुस्तकातून वाचा गं.’ अजून कुणाला बोलले नव्हते हे. आज तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. तुम्ही गप्प बसता ना, म्हणून. फार वाईट सवय आहे ती, समोरच्याचं सगळं बाहेर येतं.

तर चिमणी. चिमणी का, तर तोंड बंद नसतं तिचं, सकाळी उठल्यापासून चिवचिव. ती आली माझ्याकडे, म्हणाली, बाई, एका टोकाला कशाभिका, म्हणजे ते शेपूट, असलेला दांडा पुस्तकात आहे, पिशवीत नाही. म्हटलं, हरवला असेल. ‘नाही बाई, मी मोठ्या मुलींना विचारलं, कधीच नव्हता.’ म्हटलं, मग असू दे. ती असू देते का! बुटाची नाडी आणि जुन्या मोज्याचं टोक, त्यात कापूस कोंबून, स्वतः शिवून आणला. वेडावाकडा, टाके लांब लांब. वर्गात सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवला, म्हणाली, बाई, बरोबर आहे का बघा. आता बघायला तर हवंच ना. मुली थांबल्यात. मी बोटं फिरवली. भिंत. टोक. नाडी. — साहेब, इतकासा. इतका साधा. मी इतकी वर्षं ह्याला घाबरून होते? मी पुन्हा पुन्हा ती नाडीच चाचपत राहिले, आणि ती आपली, बाई, चुकलं का? सांगा ना बाई, नाडी दुसऱ्या टोकाला पाहिजे का? मी म्हटलं, नाही गं, बरोबर आहे. पण टाके घट्ट घाल, नाहीतर आतलं सगळं बाहेर येईल. सासूबाई असत्या तर त्यांनी त्या टाक्यांवरून तिला फाडून खाल्लं असतं. गेल्या त्या, मागच्या उन्हाळ्यात. तुम्ही शिवला नाहीत तो हाच, असं सांगून त्या मोज्यावर हात ठेवू दिला असता का त्यांना मी? माहीत नाही. जाऊ द्या.

आणि त्या मुलीला तुम्ही विचारलंत, घरी कोण कोण असतं!

नाही, ती रडत नाहीये बाहेर. रडत असेल असं वाटलं का तुम्हाला? ती तिथे व्हरांड्याच्या कठड्यावर बसून पाय हलवतेय, टाचा आपटल्याचा आवाज येतोय ना, तीच. मी तिला म्हटलं, चल आत, मी बोलते साहेबांशी. तर काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली — सांगू का? तुम्हाला लागेल. बरं, सांगते. म्हणाली, ‘नको बाई, राहू दे. ते फार चांगले आहेत हो. त्यांना वाईट वाटेल.’ ऐकलंत? तुम्हाला तिची दया आली आणि तिला तुमची आली. बसा आता दोघं एकमेकांची दया करत! मी म्हटलं, त्यांचं राहू दे, तुला काय वाटलं? तिच्या टाचा थांबल्या. मग म्हणाली, ‘बाई, मला येत होतं.’ एवढंच. मला येत होतं हो बाई. — तक्रार नव्हती त्यात, राग नव्हता. आपण नवे कपडे घालून जावं आणि कुणी दारच उघडू नये, तसा आवाज होता. मी तो आवाज ओळखला. मी त्याच आवाजात फाटकाशी उभी होते, आणि मला विचारायला कुणी आलं नव्हतं.

काय? परत बोला. — ‘मला सुचलंच नाही काय विचारावं ते.’ हां. हे खरं बोललात. सकाळपासून पहिलं खरं बोललात, आणि आवाजही बघा कसा वेगळा आला. अहो, मग असं सांगायचं ना! त्यात लाज कसली? वीस-पंचवीस वर्षं काचपट्टीच समोर ठेवत आलात, आज काचपट्टी काढून घेतली, कुणाचंही तसंच होईल. आंधळी झाले तेव्हा मलाही पाणी कुठल्या पेल्यातून प्यायचं ते सुचत नव्हतं. सोपं आहे. इकडे या. एकेक तिच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, हा काय? सांगितलं की थांबायचं नाही — हा असा का झाला? कुठल्या दिशेनं विभागला? मग त्या पेशीचं बटण काढायला लावा, आत बोट घालून एकेक भाग सांगू दे, त्याचं काम सांगू दे. भिंत काढून टाकली तर काय होईल, ते विचारा. आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक खोटा आहे, आधीच्या तुकडीतल्या मुलींनी मस्करीत केलेला, दांड्यांचा चौकोनी गठ्ठा. दांडा त्याच्या आडव्या बाजूनंच तुटतो, त्याचा तसा गठ्ठा व्हायचाच नाही. तो बेधडक द्या तिच्या हातात, आणि अगदी गंभीर आवाजात विचारा, ह्याचं वर्णन कर. तिला मी हा कधी दाखवलेला नाही. फसली तर फसली.

हो, मार्क कमी होतील. होतील की. आणि कॉलेज गेलं तर? — तर गेलं. पुढच्या वर्षी परत बसेल, मी आहे, पिशवी आहे. नाही, नाही, मी दगड नाही साहेब. पण ते तिचं तिला ठरवू दे. तिला आत बोलवून विचारा, परीक्षा हवी की मार्क हवेत? ती मार्क म्हणाली तर मी तुमच्या पाया पडेन आणि गाडीपर्यंत सोडायला येईन. म्हणणार नाही. मी ओळखते तिला.

थांबा, मीच हाक मारते. चिमणे! ए चिमणे, ये गं आत! ... ऐकलंत? धावत येतेय, खांबाला आपटेल एखाद दिवशी. हे बघ, साहेबांना तुला काहीतरी विचारायचंय. तू साहेबांचं मन राखायचं नाहीस, माझं तर मुळीच राखायचं नाहीस. काय हवं ते स्वतःच्या तोंडानं सांग. — ...हं. ऐकलंत ना साहेब? मी काही बोलले नाही, तीच बोलली. मग चला, ओढा खुर्ची पुढे. चष्म्याच्या काड्या वाजतायत, पुसून झाला असेल तर घाला, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवू नका आता, केस विस्कटतात तिचे.

मी निघते. शिकवणाऱ्यानं खोलीत थांबायचं नाही. आणि साहेब — चुकली, तर कापा.